पिसांची माशी

बाळांनो, आज एका माशीची गोष्ट. ही अंड्यातून निघत नाही, उडत नाही, कशावर बसतही नाही. कोंबड्याच्या पिसापासून आणि दोऱ्यापासून ती टेबलावर तयार होते आणि माशाला फसवणं एवढंच तिचं काम.

आपल्या ठाण्यातला खोपटचा सिद्धेश्वर तलाव घ्या नाहीतर तलावपाळी घ्या. तलावाकाठी गळ टाकून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेलच. कणकेची गोळी किंवा गांडूळ गळाला लावायचं, पाण्यात सोडायचं आणि दोरीकडे बघत बसायचं. कणकेला वास असतो, चव असते, मासा त्यावर येतो. आपली पिसांची माशी ज्यात वापरतात त्या फ्लाय फिशिंगमध्ये मात्र गळाला खायचं काही लावतच नाहीत. पिसाला कसला वास आणि कसली चव? तिथे माशाची फसगत नजरेतून होते. म्हणून ही माशी बांधणाऱ्याला दोन गोष्टी पाठ हव्यात: नदीतले किडे आणि माशाचा डोळा.

आधी किड्याची गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते.

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या एखाद्या स्वच्छ, खळाळत्या ओढ्यातला दगड हळूच उलटा करून बघा. खालच्या ओल्या बाजूला चपटे, चपळ किडे सरपटताना दिसतील. ज्याच्या शेपटीला तीन बारीक धागे आणि पोटाच्या दोन्ही कडांना हलणारी कल्ल्यांची पानं असतील, ते मेफ्लायचं पिल्लू. पाण्यात शेवाळ खरवडून खात ते महिनोन्महिने काढतं, काही जातींत तर वर्ष दोन वर्षं. मग एका संध्याकाळी ते पृष्ठभागावर येतं, पाठीवरची कात फाटते आणि आतून पंखवाला किडा निघतो. तेव्हा त्याचे पंख मळकट, धुरकट असतात. झाडाच्या पानावर जाऊन तो पुन्हा एकदा कात टाकतो आणि मगच काचेसारख्या पारदर्शक पंखांचा होतो. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा दुसरा कीटक आज जगात नाही. फुलपाखरू टाकत नाही, चतुर टाकत नाही. पंखवाल्या मेफ्लायला खाता येईल असं तोंडच नसतं. जोडीदार शोधायचा, पाण्यावर अंडी घालायची आणि संपायचं. अमेरिकेतल्या डोलानिया नावाच्या मेफ्लायची मादी पंख मिळाल्यावर पाच मिनिटंही जगत नाही.

माशाच्या दृष्टीने ही मेजवानीच. एकाच संध्याकाळी हजारो किडे वर येतात, पंख सुकेपर्यंत पाण्यावर तरंगत राहतात, पळता त्यांना येत नाही. पाहणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं ते फार जुन्या काळी. इसवी सन 200च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात, कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं त्यावर बांधतात आणि ठिपकेदार मासे पकडतात. त्यांनी खरा किडा लावूनही पाहिला होता, पण हाताचा स्पर्श झाला की त्याचे पंख चुरगळत आणि रंग जाई.

आता माशाचा डोळा. इथे जरा नीट लक्ष द्या.

पाण्यातून वर पाहताना माशाला आपल्यासारखं सगळं दिसत नाही. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे पाण्यावरचं सगळं जग, आकाश, झाडं, काठावरची माणसं, माशाच्या डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा होऊन दिसतं. या खिडकीचा कोन सुमारे 97 अंशांचा असतो. मासा एक मीटर खोल असेल तर खिडकीचा व्यास सव्वादोन मीटर. तोच पृष्ठभागाखाली वीस सेंटिमीटरवर आला तर जेमतेम पंचेचाळीस सेंटिमीटर. खिडकीच्या बाहेर पृष्ठभागाचा आरसा होतो आणि त्यात पाण्याच्या आतलंच प्रतिबिंब दिसतं.

तरंगत येणारा किडा माशाला आधी या आरशातच भेटतो. किडा वर असल्यामुळे दिसत नाही. दिसतात ते त्याच्या सहा पायांनी पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर पाडलेले बारीक खळगे, प्रकाशाचे ठिपके. मग खिडकीच्या कडेवर पंख दिसायला लागतात आणि मासा निर्णय घेतो. माशी बांधणाऱ्याला हे ठिपके पाडायचे असतात. किड्याचा हुबेहूब पुतळा केला आणि तो पाण्यात अर्धा बुडाला, तर काही उपयोग नाही. कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे केस गळाभोवती गोल उभे राहतात आणि शेकडो टोकांवर माशी पाण्यावर उभी राहते, तिथे मासा फसतो.

हे काम फक्त ठरावीक पीस करतं. कोंबड्याच्या मानेचं पीस चकचकीत आणि ताठ असतं, पाणी धरत नाही. कोंबडीचं पीस मऊ असतं, भिजतं आणि बुडतं. म्हणून तरंगणाऱ्या माशीला कोंबडा, बुडणाऱ्या माशीला कोंबडी. अंगासाठी मोरपिसाचा एक धागा घेतात. मोरपिसाच्या निळ्या-हिरव्यामागे निळा किंवा हिरवा रंग नसतोच. केसांमधल्या अतिसूक्ष्म काड्यांची रचना प्रकाशातला ठरावीक भाग परत फेकते म्हणून तो रंग दिसतो. रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने 1665 साली लिहून ठेवलंय की सूक्ष्मदर्शकाखाली मोरपीस ठेवून त्यावर पाणी टाकलं, तेव्हा रंग गेला. घरी एखादं गळून पडलेलं मोरपीस असेल तर तुम्हीही करून बघा.

आपल्या सह्याद्रीचा या धंद्यात मोठा वाटा आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. राखी रानकोंबडा, म्हणजे गॅलस सोनेराटी, आपल्या घाटांतल्या जंगलात राहतो. त्याच्या मानेच्या पिसांच्या टोकाला मेणाचा थेंब पडल्यासारखे पिवळट-पांढरे, कडक ठिपके असतात. ते थेंब म्हणजे पिसाचेच केस एकमेकांना चिकटून तयार झालेली पट्टी. विलायतेतल्या सालमन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या जॉक स्कॉटसारख्या नावाजलेल्या माश्यांना दोन्ही बाजूंनी हे पीस लावत, छोट्या माशाचा डोळा दिसावा म्हणून. त्यापायी या पक्ष्याची कातडी मोठ्या प्रमाणावर परदेशी जाऊ लागली आणि शेवटी भारताने ती निर्यात बंद केली. आज ही पिसं परदेशात पाळलेल्या पक्ष्यांकडून मिळतात. आणखी एक गंमत सांगतो. जगभरच्या पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचा आणि कातडीचा गुण याच रानकोंबड्याकडून आलाय, असं 2008 साली शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून दाखवलं.

माशी बांधताना पाहिलीत तर वेळेचं भान राहणार नाही. छोटासा गळ लोखंडी चिमट्यात घट्ट धरायचा. 14 नंबरच्या गळाचा दांडा सेंटिमीटरभरही लांब नसतो. त्या दांड्यावर रेशमी दोऱ्याचे वेढे देत मागे जायचं. पिसाचे पाच-सहा केस शेपटीला बांधायचे. मग मोरपिसाचा धागा गुंडाळत पुढे यायचं, डोक्याशी कोंबड्याचं पीस बांधून त्याचे तीन-चार वेढे द्यायचे, प्रत्येक वेढा आधीच्या केसांना न दाबता. शेवटी गाठ आणि वार्निशचा एक थेंब. डोक्याशी थोडी जागा राखून ठेवली नाही तर गळाचं भोक बुजतं आणि सगळी मेहनत वाया. नवशिक्याला जाणकार आधी हेच सांगतात.

ही माशी फेकायची कशी? ती इतकी हलकी असते की फेकली तर हातभरही जाणार नाही. म्हणून इथे वजन दोरीला देतात. पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन साधारण 9 ग्रॅम. गळाची काठी मागे नेली की दोरी मागे उलगडते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे न्यायची. गाडीवानाचा आसूड पाहिला असेल तर कळेल, जाड टोकाकडची गती बारीक टोकाकडे जाताना वाढत जाते. माशी शेवटी अलगद उतरते. घाई करणाऱ्याची दोरी त्याच्याच पाठीमागच्या झुडपात अडकते.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं विलायतेचं, आपल्याकडे काय? आपल्याकडे महासीर आहे! 1839 साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून टॉर खुद्री या महासीरची शास्त्राला ओळख करून दिली. याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. खेकडा असो, शिंपला असो, काठावरच्या झाडाचं पडलेलं फळ असो, घशात चुरडून खातो. म्हणून महासीरसाठी माशी बांधताना किडाच बनवावा असं नाही. लहान मासा, खेकडा, अगदी फळसुद्धा बांधतात. धरणांनी आणि प्रदूषणाने हा मासा घटत गेला तेव्हा लोणावळ्याच्या वळवण इथल्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्राने 1970च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून नद्यांत सोडली. काम मोठं झालं, पण एक किंमत मोजावी लागली. ही पिल्लं कावेरीतही गेली आणि तिथला मूळचा कुबडवाला महासीर मागे पडला. 2018 साली त्याची शास्त्रीय ओळख पटली, त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडताना दहादा विचार करावा, असं मला वाटतं ते यामुळे.

जवळ बघायचं तर महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत जा. तिथले महासीर देवीचे मानतात, कुणी पकडत नाही. काठावर उभं राहून त्यांना वर येऊन खाताना बघा, खिडकीची गोष्ट लगेच पटेल.

ठाण्याच्या आसपासच्या तळ्यांत आणखी एक मोठा शिकारी आहे: मरळ. त्याला पाण्यातला प्राणवायू पुरत नाही, हवा घ्यायला पृष्ठभागावर यावंच लागतं. बुडबुडा दिसला की गळ टाकणारे त्यापुढे बेडकासारखी माशी टाकतात. पण नर-मादी पिल्लांचा लालसर घोळका सांभाळत असतात, तेव्हा त्यांना पकडलं तर सगळी पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात. जाणता माणूस असा घोळका दिसला की काठी आवरतो.

तर पुढे तुमच्यापैकी कुणी काठी हातात घेतलीत, तर ऐका. जिथे मासेमारीला परवानगी आहे तिथेच जा, पवई तलावासारख्या ठिकाणी परवाना विचारून घ्या. प्रवाहाकडे तोंड करून मासा उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या बाजूने जा. वाकून चाला, कारण पाण्याला समांतर जाणारा प्रकाश खिडकीत फारसा पोचत नाही. पाय आपटू नका, अंगावरच्या रेषेने माशाला पाण्यातली थरथर समजते. गळाचा उलटा दात चिमट्याने दाबून टाका, मासा सोडताना ओल्या हाताने धरा. ओढ्यातला दगड उलटलात तर जसा होता तसा परत ठेवा. आणि तुटलेली नायलॉनची दोरी तलावाकाठी टाकू नका. बगळ्यांच्या आणि पाणकावळ्यांच्या पायात ती अडकते आणि ती त्यांना सोडवता येत नाही. गुंडाळून खिशात घाला, घरी आणून कचऱ्याच्या डब्यात टाका.