नगारा सुरात येतो तेव्हा

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखान्याचा मजला आजही उभा आहे. १७३२ साली वाड्याची वास्तुशांत झाली, १८२८ च्या आगीत आतले महाल गेले. तट आणि दरवाजे तेवढे राहिले. नगाऱ्याची जागा दरवाजावर, कारण तो आधी राज्याचा आणि मग संगीताचा. प्रहर बदलला, स्वारी निघाली, ही वर्दी नौबतीने द्यायची. सरदाराला नौबतीचा मान मिळणं ही दरबारी प्रतिष्ठेची खूण होती.

युरोपातही वेगळं नव्हतं. धर्मयुद्धांच्या काळात अरबी नक्काऱ्यांच्या लहान जोड्या तिकडे पोचल्या. घोड्याच्या दोन बाजूंना लटकवायचे मोठे नगारे पंधराव्या शतकात तुर्कांकडून, हंगेरीमार्गे गेले. तिथेही वाटेल त्याने नगाऱ्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. तुतारीवाले आणि नगारजी यांच्या संघाला सम्राट दुसरा फर्डिनांड याने १६२३ साली खास सनद दिली होती. हेच नगारे पुढे ऑर्केस्ट्रात शिरले आणि टिंपनी म्हणून नावारूपाला आले. म्हणजे टिंपनी आणि आपला चौघडा एकाच कुळातले. मग टिंपनीला स्वर लिहून दिला जातो आणि नगाऱ्याच्या वाट्याला नुसता ठेका येतो, हे कसं?

दोन नगारे, दोन स्वर

ऑर्केस्ट्रात टिंपनी आली ती तुताऱ्यांच्या सोबतीने. ल्युलीने १६७५ च्या ‘थेसे’ या ऑपेरात तिला जागा दिली. त्या काळच्या तुतारीतून ठरावीक स्वरच निघत, त्यामुळे नगारेही दोनच ठेवत: एक षड्जाला लावलेला, दुसरा बहुधा खालच्या पंचमाला. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ही जोडी ओळखीची वाटेल. अडचण एवढीच, की रचना दुसऱ्या पट्टीत गेली की टिंपनीवाला हात बांधून बसायचा.

बीथोव्हेनने या दोन स्वरांतूनच नाट्य काढलं. त्याचा १८०६ चा व्हायोलिन कन्चेर्तो सुरू होतो तो टिंपनीच्या एकट्या, हलक्या चार ठोक्यांनी. थोड्याच वेळात तेच चार ठोके व्हायोलिनवर भलत्याच स्वरात येतात आणि ऐकणारा दचकतो. १८२४ च्या नवव्या सिम्फनीत तर त्याने दोन्ही नगारे एकाच स्वराच्या दोन सप्तकांत लावले. बेर्लियोझने १८३० मध्ये चार वादकांकडून दूरच्या गडगडाटाचा भास निर्माण केला. १८३७ च्या ‘रेक्विएम’मध्ये त्याने सोळा टिंपनी आणि दहा वादक मागितले.

टिंपनीवादकाचं निम्मं काम श्रोत्यांना ऐकूच येत नाही. त्याच्याभोवती तांब्याच्या चार-पाच कढया, साधारण २३ ते ३२ इंच व्यासाच्या. सगळा ऑर्केस्ट्रा भलत्याच पट्टीत गर्जत असतो. हा मनात मात्रा मोजत खाली वाकतो, कान जवळजवळ कातड्याला टेकवतो, हवा तो स्वर तोंडातल्या तोंडात गुणगुणतो, बोटाने हलकेच टिचकी मारून पाहतो आणि पायाने पेडल दाबतो. पूर्वी प्रत्येक नगाऱ्याच्या काठावरचे सहा-आठ स्क्रू हाताने पिळावे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्रेस्डेनमध्ये पेडलची व्यवस्था रुळली आणि स्वर बदलणं पायाच्या कक्षेत आलं. बार्टोकने १९३६ मध्ये नगारा घुमत असतानाच पेडल सरकवायला लावलं. डग्ग्यावर मनगट दाबून आपण जी मींड काढतो, ती तिथे यंत्राने साधली.

हवा आणि शाई

तार छेडली की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर सोबत उमटतात आणि कानाला एकच सूर लागतो. ताणलेल्या गोल कातड्याच्या कंपनांचं प्रमाण मात्र १ : १.५९ : २.१४ : २.३० असं वेडंवाकडं असतं. त्यातून सूर काढायचा तर काहीतरी युक्ती हवी.

टिंपनीची युक्ती हवेची. कातड्याच्या वरची आणि कढईतली कोंडलेली हवा कातड्याबरोबर हलते. तिच्या ओझ्याने मुख्य कंपनं सरकतात आणि साधारण १ : १.५ : २ अशा रांगेत येतात. म्हणजे सूर, त्याचा पंचम आणि वरचा षड्ज. ही कंपनं नेमकी जागी व्हावीत म्हणून वादक काठापासून थोडं आत मारतो. मधोमध मारलं तर बद्द आवाज येतो.

आपली युक्ती शाईची. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह ‘नेचर’मध्ये आणि मग १९३४ मध्ये सविस्तर दाखवलं, की मधल्या शाईच्या वजनामुळे मृदंग-तबल्याच्या कातड्याची पहिली नऊ कंपनं पाच सुरेल स्वरांत जुळून येतात. तारेच्या इतकं जवळ टिंपनीही जात नाही.

पण या सुरेलपणाची किंमत आहे. तबला एका पट्टीला बांधला जातो. गट्ट्यांवर आणि गजऱ्यावर हातोडी मारून तो थोडाफार चढतो-उतरतो; गायक काळी चारचा निघाला तर सरळ दुसरा तबला काढायचा. आपल्या संगीतात षड्ज ढळत नाही, म्हणून हे चालून गेलं. तिकडे पट्टी सतत बदलणारं संगीत वाढलं, म्हणून स्वर बदलणारा नगारा घडला. ज्या संगीताने जे मागितलं, ते वाद्याने दिलं.

आपल्याकडे काय आहे

नगाऱ्याकडे आपण स्वर मागितलाच नाही, असं माझं मत आहे. चौघड्यात स्वराचं काम सनईकडे गेलं, मैफलीत तबल्याकडे. नगाऱ्याला उरलं ते उघड्यावरचं घुमणं. शिवाय भाद्रपदातली दमट हवा. गणपतीच्या मिरवणुकीत कातड्याचा ताशा सैल पडला की शेकून ताणावा लागे; आता कृत्रिम पडद्यांनी तो त्रास वाचवला. टिंपनीवाल्यांनीही वासराच्या कातड्यापायी हेच भोगलं आणि १९५० च्या दशकाअखेरीपासून बहुतेकांनी प्लास्टिकचा पडदा जवळ केला.

आपल्याकडच्या वाद्यांत टिंपनीच्या सर्वांत जवळचं मला वाटतं ते गोंधळ्याचं संबळ. कमरेला बांधलेली दोन भांड्यांची जोडी, एक चढ्या आवाजाचं, दुसरं खालच्या, आणि टोकाशी वळलेली काठी. सूरभेद तिथे आधीपासूनच आहे. फक्त तो कोणत्या स्वरांचा, हे कुणी कागदावर लिहीत नाही.

२००६ साली मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. त्याच वाद्यवृंदासोबत झाकीर हुसेन यांनी २०१५ मध्ये ‘पेशकार’ हा तबल्याचा कन्चेर्तो सादर केला. तबल्याची वाट अशी खुली झाली. संबळ किंवा चौघडा ऑर्केस्ट्रात आणू पाहणाऱ्या संगीतकाराने मात्र त्यांना केवळ मराठमोळ्या गजरासाठी बोलावू नये. आधी वादकाशेजारी बसून जोडीचे दोन स्वर पेटीवर तपासावेत, हवे तसे लावून घ्यावेत, स्वरलिपीत लिहावेत आणि मग त्या स्वरांभोवती बाकीची वाद्यं रचावीत. दोनच स्वर मिळतील, हे खरं. पण बीथोव्हेनपर्यंतचं बहुतेक टिंपनीलेखन तेवढ्याच भांडवलावर झालेलं आहे.