अंगठ्याचा संधिवात : शस्त्रक्रियेपूर्वीचे इंजेक्शन

व्याधी : अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या ट्रॅपिझियम अस्थीशी होणाऱ्या सांध्यातील कूर्चा झिजणे.

औषध : कॉर्टिकोस्टेरॉइड. सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे अनुभव १९५१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. वेदना काही काळ शमते. कूर्चा पूर्ववत होत नाही.

धोका : दाह शमविणारे हेच औषध स्थानिक प्रतिकारशक्तीसही मंद करीत असल्यामुळे, ते टोचल्यापासून सुमारे ३ महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास जंतुसंसर्गाचा संभव वाढतो, असे रुग्णनोंदींच्या अभ्यासांतून आढळले असून, पुष्कळ शल्यविशारद तेवढी मुदत जाऊ देणेच पसंत करतात. इंजेक्शनची तारीख म्हणूनच रुग्णाच्या दप्तरी हटकून नोंदलेली असावी.

अन्य परिणाम : मधुमेहींची रक्तशर्करा काही दिवस चढते. टोचल्या जागी त्वचा फिकट वा पातळ होऊ शकते.