नळ कापण्यापूर्वीं

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें आज इंग्लंडांत स्वतःचीं घरें घेऊन राहिलीं आहेत. बंबाच्या ऊन पाण्यावर वाढलेल्या ह्या मंडळींना तेथें जें घर मिळतें, तें स्वतःच एक मोठा बंब असतें म्हटलें तरी चालेल. बॉयलरांत पाणी तापतें, पंपाच्या जोरावर तें खोल्याखोल्यांतील रेडिएटरांतून फिरतें, आणि आपली ऊब देऊन पुन्हा बॉयलरांत येतें. अशा घरांत एखादा रेडिएटर हलवावयाचें ठरलें, म्हणजे जमिनीच्या फळ्या उचलल्या जातात आणि खालीं एकासारखे एक तांब्याचे पांचसहा नळ निजलेले दिसतात. ह्यांतला कोणता कापावयाचा ?

जाडीची साक्ष येथें मुळींच ग्राह्य धरूं नये. १५ आणि २२ मिलिमीटर हीं मापें रेडिएटरांच्या नळांचीं आहेत, न्हाणीघराकडे जाणाऱ्या नळांचीं आहेत आणि गॅसच्या नळांचींहि आहेत ! गॅसच्या नळास पिवळी खूण असावी हें खरें. परंतु जुन्या घरांत ती असेलच असें नाहीं. त्यांतून घर १९७० पूर्वींचें असल्यास इंचांचा घोळ निराळाच. जुन्या पद्धतींत नळाचें माप आंतल्या पोकळीवरून ठरे, नव्या पद्धतींत तें बाहेरच्या व्यासावरून ठरतें. अर्ध्या इंचाच्या नळास १५ मिलिमीटरचा आवळून बसवावयाचा सांधा बहुधा चालून जातो. पण पाऊण इंची नळ २२ मिलिमीटरहून किंचित् बारीक असल्यामुळें तेथें तोच प्रयोग केला कीं गळती ठेवलेली.

स्पर्शाची साक्ष अधिक चांगली. बॉयलर रात्रभर बंद ठेवून सकाळीं फक्त खोल्या तापविण्यासाठीं सुरू करावा, गरम पाण्याची तोटी कोणास उघडूं देऊं नये, आणि भाजणार नाहीं अशा बेतानें नळांस हात लावून पाहावा. आधीं तापतो तो जाणारा. मागाहून कोमट होतो तो परतीचा. थंड राहिलेला मात्र गूढच राहतो. तो पिण्याच्या पाण्याचा असेल, टाकून दिलेला असेल, किंवा गॅसचाहि असेल. थंड आहे म्हणून तो निरुपद्रवी समजणें ह्यासारखा घातक तर्क नाहीं.

म्हणून प्रत्येक नळ दोन्ही टोकांपर्यंत शोधीत जावें. गॅसचा नळ मीटरपासून निघतो. पिण्याच्या पाण्याचा रस्त्यावरून आंत येतो. टोक सांपडलें कीं नळास चिठ्ठी बांधावी. लोणच्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावणाऱ्या घरांत तरी हा पोरखेळ वाटूं नये. गॅसचा नळ ओळखला गेला, कीं आपलें काम तेथें संपलें. ब्रिटनमध्यें मोबदला घेऊन त्यावर काम करणाराचें नांव ‘गॅस सेफ’ नोंदवहींत असावेंच लागतें ; ही नोंदवही २००९ पासून आहे.

आणखी एका नळाविषयीं विशेष सांगावयाचें आहे, कारण तो दिसावयास अगदीं निरुपयोगी असतो. जुन्या घरांच्या माळ्यावर एक लहानशी टांकी असते. तिच्यांतून एक नळ बॉयलरच्या जलचक्रास पाणी पुरवितो, आणि दुसरा खालून वर येऊन टांकीवर वांकतो, तोंड उघडें टाकून. त्यांतून एरवीं थेंबहि येत नाहीं. परंतु बॉयलरचें तापमान आवरणारें यंत्र बिघडून पाणी उकळूं लागलें, तर वाफेस वाट हीच. हा ‘रिकामा’ नळ कोणी कापून बुजविला, किंवा त्यावर झडप बसविली, तर बॉयलर फुटण्याचा प्रसंग येऊं शकतो. नव्या बंदिस्त पद्धतींत ही टांकी नसते ; तेथें बॉयलरपासून निघून भिंतीबाहेर तोंड काढणारी तांब्याची नळी वाढलेल्या दाबास वाट देते. तिलाहि बूच मारूं नये.

काम आटोपलें म्हणून चिठ्ठ्या काढून टाकूं नयेत. फळ्या पुन्हा ठोकण्यापूर्वीं उघड्या नळांचें छायाचित्र घ्यावें आणि तें घराच्या कागदपत्रांत ठेवावें. पुढें त्याच फळींत खिळा मारणारास तें उपयोगी पडेल.