जू आणि विसावा

नाताळच्या गव्हाणीची आरास ज्यांनी पाहिली असेल त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली असेल. बालक मध्यभागी, माता मरिया त्याच्या निकट, मेंढपाळ नतमस्तक. आणि एका अंगाला, काठी टेकून, मूकपणे उभा असलेला योसेफ सुतार. चारही शुभवर्तमानांत त्याच्या मुखीचा एक शब्दही नोंदलेला नाही. त्याला ईश्वरी आज्ञा झाल्या त्या निद्रेत, स्वप्नात; आणि उठताच तो रात्रीच बाळाला व त्याच्या मातेला घेऊन मिसर देशाकडे निघाला. २०१५ साली मनिला येथे कुटुंबांच्या मेळाव्यात पोप फ्रान्सिस यांनी सांगितले होते, की आपल्या मेजावर निद्रिस्त योसेफाची मूर्ती असते आणि काही अडचण आली की ती चिठ्ठीवर लिहून आपण त्या मूर्तीखाली ठेवतो. चिंतेच्या रात्रीही गृहस्थाने झोपावे, याला असा आधार मिळालेला पाहून आम्हांस मोठे समाधान वाटले.

आम्ही हरिदास, आम्हांस हे आख्यान कशाला, असे कोणी पुसेल. पण आमच्या लोहाऱ्याशेजारचे यवतमाळ या विषयास परके नाही. १९५३ पासून, १९८३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत, युनियन बिब्लिकल सेमिनरी तेथेच होती. शिवाय या कापूसपट्ट्यात कर्ज, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण यांच्या भाराखाली किती पित्यांनी आपला जीव संपविला, हे कीर्तनास बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेथे धर्मभेद कसला?

मत्तयाच्या अकराव्या अध्यायात ख्रिस्त भारावलेल्यांना आपल्याकडे बोलावतो. नवल हे, की विसाव्याचे वचन देऊन लगोलग तो आपले जू मानेवर घेण्यास सांगतो! संस्कृतातील 'युज्' धातूचा अर्थ जोडणे. त्यापासून 'युग', त्याचेच मराठीत 'जू'. 'योग'ही त्याच कुळातला. जुवाला दोन बैल लागतात, एकट्याच्या मानेवर ते तिरपे होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमचा शेतकरी खांदे शेकतो ते जोडीतल्या दोघांचेही. मोशेच्या नियमशास्त्रात विसाव्याच्या वारी बैलालाही सुटी आहे. आज्ञा मात्र प्रथम घरधन्यालाच उद्देशून आहे, हे पुष्कळ घरधनी विसरतात.

आता उत्तररंग. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभारला. हातचा पैसा ते कोणालाही देऊन मोकळे होत. मग घर कसे चाले, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचावे. टिळकांच्या भक्तीपुढे आम्ही नम्र आहोत. तरी त्यांच्या मोकळेपणाचे मोल लक्ष्मीबाईंनी भरले, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. आरंभीचे सुमारे दहा अध्याय त्यांचे. पुढचे लक्ष्मीबाईंनी रचले, आणि अखेरचा पुत्र देवदत्त यांनी.