सुई मिळेल का?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जुनं घर पाडून अपार्टमेंट उभं करायचं ठरलं की आधी माळा रिकामा करावा लागतो. तांब्याचा बंब खाली येतो, जातं येतं, पाळण्याच्या कड्या येतात. आणि एखाद्या घरात एक पत्र्याची ट्रंक येते, आकाराच्या मानानं फारच जड. उघडली की जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या काळ्या तबकड्या. दहा इंची तबकडीचं वजन साधारण दोनशे ग्रॅम, म्हणजे पन्नास तबकड्यांचे झाले दहा किलो. ना लोखंड ना पितळ, त्यामुळं भंगारवाल्याच्या काट्यावर त्यांना भाव नाही. घरातलं तरुण पोरगं त्यातली एक हातात घेतं, उजेडात तिरकी धरतं आणि विचारतं, ‘हे वाजतं कसं?’ दुसरा प्रश्न लगेच येतो, ‘याची सुई कुठं मिळेल?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतकं विलक्षण आहे की मी ते शंभर वेळा सांगितलं असेल, तरी सांगताना दर वेळी थांबतो.

ती तबकडी लाखेची आहे. पळस, कुसुम, बोर या झाडांवर एक बारीक किडा राहतो. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या राळेनं तो स्वतःभोवती कवच करतो. तीच लाख. तिच्याच बांगड्या होतात, पाकिटांवर तिचीच मोहोर लागायची. ती शुद्ध करायची, तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळायची आणि गरम असतानाच साच्यात दाबायची. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर वाजलेल्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः भारतातल्या जंगलांतून जात होती. न्यूयॉर्कमधला जॅझ असो नाहीतर मिलानमधला ऑपेरा, त्याच्या खाली आपल्याकडच्या झाडावरचा किडा होता.

दगडाची भुकटी मुद्दाम घालत. पोलादी पिन खाचेत उतरली की पहिल्या काही फेऱ्यांत ती भुकटी पिनेचं टोक घासून खाचेच्या आकाराचं करी. मगच आवाज नीट येई. म्हणजे तबकडी आपली सुई आपणच घडवून घ्यायची! पण तीन मिनिटांत ती पिन झिजून निकामी व्हायची, आणि दुसरी बाजू लावायची तर नवी पिन घालावी लागायची. म्हणून फोनोबरोबर पिनांच्या छोट्या पत्र्याच्या डब्या यायच्या, एकेका डबीत दोनदोनशे पिना. रेकॉर्डच्या दुकानात गिऱ्हाईक तबकडीसाठी महिन्यातून एकदा येई, पिनांसाठी मात्र वारंवार. दुकान आणि घर यांच्यातला धागा असा खरोखरच सुईनं ओवलेला होता.

आता खाचेकडे या. तबकडीवर शेकडो वर्तुळं दिसतात, पण ती वर्तुळं नाहीत. काठापासून मध्यापर्यंत गेलेली ती एकच अखंड रेघ आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूची रेघ सरळ ताणली तर सव्वाशे मीटरच्या पुढे जाईल. पुढं आलेल्या लाँग प्ले तबकडीची तर जवळजवळ अर्धा किलोमीटर. या रेघेत आडव्या नागमोडी लाटा आहेत, आणि त्या लाटांत तंबोरा, सारंगी, तबला आणि गाणारा गळा सगळे आहेत. चार वाद्यांसाठी चार रेघा नाहीत. कारण कोणत्याही एका क्षणी कानाच्या पडद्यावर हवेचा दाब एकच असतो. मैफलीत बसलो तरी कानापर्यंत येते ती एकच वळवळती रेघ. तिच्यातून हा तंबोरा, ही सारंगी, असं वेगळं काढण्याचं काम आपला मेंदू करतो. तबकडी फक्त ती रेघ जपून ठेवते. १९२५च्या आधी तर ध्वनिमुद्रणात वीजसुद्धा नव्हती. गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्याच्या आवाजाच्या जोरानंच मेणावर सुई हलायची. त्या काळच्या तबकडीतली खाच गायकाच्या दमानं कोरलेली आहे, अक्षरशः.

हे सगळं कोल्हापुरात बसून लिहिताना एक रुखरुख लागते. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयानं इथं दरबारी गायक होते. १९२२ साली महाराज गेले, पुढं खाँसाहेब मुंबईला गेले आणि १९४६ साली वारले. तबकड्यांचा धंदा ऐन भरात असतानाचा हा काळ, आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी उपलब्ध नाही. ज्या गळ्यानं या गावाचं नाव संगीताच्या नकाशावर कोरलं, तो गळा आपण ऐकू शकत नाही. ऐकू शकतो ते त्यांच्या शिष्यपरंपरेला: केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, पुढच्या पिढीतले मल्लिकार्जुन मन्सूर. त्यांना तासभर चालणारा राग तबकडीच्या एका बाजूवर, तीन-साडेतीन मिनिटांत बसवायचा होता. आळशी आलापाला जागा नव्हती. केसरबाईंची ७८ची तबकडी ऐकली की कळतं, तीन मिनिटं म्हणजे राग तोडलेला नाही, आटवलेला आहे, बासुंदीसारखा. लाँग प्ले आली आणि मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकरांना एका अख्ख्या बाजूवर भूप आणि दुसऱ्या बाजूवर बागेश्री मांडायला अवकाश मिळाला. घराणं तेच, पण तबकडीचा वेग बदलला आणि गाण्याचा श्वास लांबला.

आपल्याकडे बहुतेक गावांत रेकॉर्ड मिळायच्या त्या घड्याळं, रेडिओ, शिलाई मशीन विकणाऱ्या दुकानांत. मोठ्या शहरांत खास दुकानं झाली. मुंबईत काळा घोड्याजवळच्या ‘रिदम हाऊस’मध्ये काचेच्या खोल्या होत्या, आत उभं राहून आधी ऐकायचं, मग घ्यायचं. ते दुकान २९ फेब्रुवारी २०१६ रोजी बंद झालं. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसनं तर विकता विकता स्वतःच ध्वनिमुद्रिका काढल्या. पुलंचं कथाकथन कितीतरी घरांत त्यांच्याच कॅसेटवरून पोचलं. गावोगावच्या छोट्या दुकानांची नोंद कुणी ठेवली नाही. रेकॉर्डच्या फळीवर कॅसेट आली, कॅसेटच्या जागी सीडी, मग तिथंच मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली, आणि आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं लटकतात.

दुकानदाराकडे एक गोष्ट होती, तिची किंमत आपण दुकानं गेल्यावर ओळखली. त्याला लेबलाच्या मागचं माहीत असे. लता मंगेशकर मुंबईला जाण्याआधी कोल्हापुरात राहिल्या हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९४९च्या ‘महल’मधल्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची पहिली तबकडी हाती आली तर लेबलावर त्यांचं नाव सापडणार नाही. तिथं छापलंय ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. तेव्हाची रीतच तशी होती. नाव वाचून शोधणारा माणूस ती तबकडी बाजूला ठेवून देईल. काउंटरमागचा जाणता माणूस म्हणाला असता, ‘ही घ्या, ही लताचीच.’

अगदी जुन्या तबकड्यांवर कलावंत गाणं संपताच स्वतःचं नाव सांगतात. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीतल्या हानोव्हरला जात. तिथल्या कामगाराला ना भाषा कळायची ना राग. आवाजातलं नाव ऐकून तो योग्य लेबल लावी. घाईघाईत उच्चारलेलं ते नाव आज ऐकताना अंगावर काटा येतो. सव्वाशे वर्षांपूर्वीचं माणूस आपल्याला ओळख देतंय.

आज तबकडी विकत घ्यायची तर ती येते मुंबईच्या चोर बाजारातून, एखाद्या संग्राहकाकडून किंवा फोटो बघून कुरिअरनं. एचएमव्हीची वारसदार सारेगामा नव्यानं छापलेल्या लाँग प्ले काढते, त्या काही हजारांना पडतात. जुनी घेताना जो प्रश्न दुकानदाराला विचारला असता तो आता तबकडीलाच विचारावा लागतो, आणि ती उत्तर देते. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर बारीक आकडे कोरलेले असतात. तो साच्याचा क्रमांक. एकाच गाण्याचं दोनदा मुद्रण झालं असेल, तर कोणतं तुमच्या हातात आहे ते त्यावरून कळतं. कव्हरवरची अक्षरंही बोलतात. एचएमव्हीच्या लाँग प्लेवर ‘ईएएलपी’ असेल तर शास्त्रीय संगीत एकाच वाहिनीतलं, ‘ईएएसडी’ असेल तर स्टिरिओ. स्टिरिओची करामत तर थक्क करणारी आहे. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेच्या एका भिंतीवर डावा आवाज, दुसऱ्या भिंतीवर उजवा, आणि एकच सुई दोन्ही भिंतींना एकदम स्पर्शून दोघांना वेगळं ठेवते.

आणि तबकडीला साजेशी सुईच तर सहज मिळत नाही. ७८ची खाच रुंद, लाँग प्लेची तिच्या साधारण तिसरा हिस्सा. लाँग प्लेची बारीक सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि खरखरीशिवाय फारसं काही देत नाही. उलट जुन्या फोनोची पोलादी पिन लाँग प्लेवर ठेवली तर एका फेरीत ती तबकडी संपते. हे सांगायला पूर्वी काउंटरवर कुणीतरी होतं.

सुई आणि दुकान यांचं नातं मला सर्वांत स्पष्ट कळलं ते पृथ्वीपासून सर्वांत दूर गेलेल्या तबकडीमुळं. १९०० सालच्या आसपास गोव्यातल्या केरी गावची एक आठ वर्षांची मुलगी गाणं शिकायला कोल्हापुरात आली आणि काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकली. पुढं मुंबईत ती अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या झाली. त्या केसरबाई केरकर. १९७७ साली नासानं व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तांब्याची तबकडी पाठवली. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. संगीताचे २७ तुकडे आहेत, त्यांत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. केसरबाई वारल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला.

या तबकडीचा वेग मिनिटाला १६⅔ फेऱ्या, म्हणजे नेहमीच्या लाँग प्लेच्या निम्मा. वेग निम्मा केल्यामुळं त्यात सुमारे नव्वद मिनिटांचं संगीत मावलं. एक फेरी ३.६ सेकंदांची. हे अनोळखी श्रोत्याला सांगायचं कसं? कव्हरवर आकृत्या कोरल्या, आणि सेकंदाऐवजी हायड्रोजनच्या अणूचं माप दिलं, कारण हायड्रोजन विश्वात सगळीकडे सारखाच. आणि मग शास्त्रज्ञांनी तबकडीबरोबर आणखी एक वस्तू पाठवली: सुई, तिच्या कार्ट्रिजसकट. तिथं दुकान नसणार हे त्यांना माहीत होतं. व्हॉयेजर १ आता आपल्यापासून २४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे, पण त्या तबकडीजवळ तिची सुई आहे. पेठेतल्या माळ्यावरच्या ट्रंकेत ती नाही.

मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या जाणकारांनी तिच्यातून वर्षानुवर्षं तबकड्यांची माहिती गोळा केली, लेबलं, क्रमांक, कलावंत. दुकानदाराच्या डोक्यात असायचं ते असं कागदावर येत गेलं. पण ट्रंक उघडायचं काम तुमचं-माझं आहे.

तेव्हा एवढं करा. माळ्यावर तबकड्या निघाल्या तर एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या की उन्हाळ्यात वाकतात. कडांना धरूनच उचला. लेबलावरचं नाव आणि पट्टीवरचा क्रमांक वहीत उतरवून घ्या, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून, कारण ती कुणी, कधी, कशासाठी आणली हे त्यालाच माहीत असतं. धूळ पुसायला मऊ सुकं फडकं पुरे. ७८च्या तबकडीला स्पिरिट मात्र चुकूनही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि गाणं कापसाच्या बोळ्यावर काळा डाग होऊन निघून येतं.