पॉलिएस्टर धाग्याची अंतर्रचना आणि क्ष-किरण प्रकीर्णन : पांडेसरा येथील रंगाई उद्योगाच्या संदर्भात

प्रस्तावना

सुरत शहराच्या दक्षिण भागातील पांडेसरा औद्योगिक वसाहत कृत्रिम धाग्यांच्या कापडाची रंगाई व छपाई यांसाठी ओळखली जाते. खानदेशातून आलेली अनेक मराठी भाषक कुटुंबे पांडेसरा, उधना व लिंबायत या परिसरात स्थायिक झाली असून त्यांतील कित्येकांचा चरितार्थ कापड उद्योगावर चालतो. या उद्योगातील एक परिचित दोष म्हणजे एकाच ताग्यात गडद व फिके पट्टे उमटणे. रंग तोच, जेट मशीन तेच, तापमानही तेच. तरीही काही धागे रंग जास्त घेतात, काही कमी. असा माल नाकारला गेला की पहिला संशय रंगाई खात्यावर येणे स्वाभाविक असते. वास्तविक हा दोष त्यापूर्वी, सूत तयार होतानाच, धाग्यात शिरलेला असू शकतो. अशा वेळी दोषाचे मूळ कोठे आहे हे ठरवण्यास प्रयोगशाळेतील क्ष-किरण प्रकीर्णन कसे उपयोगी पडते आणि सामुदायिक महाविद्यालयातील शिक्षकांना हा विषय वर्गात कसा मांडता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धाग्याची अंतर्रचना

पॉलिएस्टर हे बहुवारिक आहे; म्हणजे त्याचे रेणू लांबलचक साखळीसारखे असतात. धाग्यात या साखळ्या काही ठिकाणी शिस्तीने शेजारी-शेजारी रचलेल्या असतात, तर काही ठिकाणी अस्ताव्यस्त असतात. पहिल्या भागास स्फटिकी व दुसऱ्यास अस्फटिकी भाग म्हणतात. पूर्ण स्फटिकी पॉलिएस्टरची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे १.४५५ ग्रॅम, तर अस्फटिकी पॉलिएस्टरची सुमारे १.३३५ ग्रॅम मानली जाते.

डिस्पर्स रंगाचे रेणू घट्ट रचलेल्या स्फटिकांत शिरू शकत नाहीत. ते केवळ अस्फटिकी भागात शिरतात. जेट मशीनमध्ये दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमान ठेवले जाते, ते याच भागातील साखळ्यांची हालचाल वाढून रंगाला वाट मिळावी म्हणून. तेव्हा दोन धाग्यांची अंतर्रचना वेगळी असेल, तर एकाच पात्रात रंगवूनही त्यांची छटा वेगळी येणार, हे उघड आहे.

पद्धतीचे तत्त्व

रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. १९१२ मध्ये लाउए यांच्या कल्पनेवरून झालेल्या प्रयोगात स्फटिकांकडून क्ष-किरणांचे विवर्तन होते, हे सिद्ध झाले. त्यानंतर लॉरेन्स ब्रॅग यांनी त्याचा सोपा नियम मांडला. शब्दांत सांगायचे तर, स्तरांमधील अंतराची दुप्पट आणि किरण स्तराशी करतो त्या कोनाचे साइन यांचा गुणाकार तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, तर त्या दिशेने तीव्र किरण मिळतात. यावरून एक सूत्र ध्यानात ठेवता येते : अंतर जितके मोठे, तितका कोन लहान. वस्त्रतंतूंच्या अभ्यासात ही पद्धत नवी नाही. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात ॲस्टबरी यांनी १९२८ नंतर लोकरीच्या तंतूंवर असेच काम केले.

प्रयोगशाळेतील उपकरणात बहुधा तांब्याच्या लक्ष्याची क्ष-किरण नलिका असते. तिच्या किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर असते. धाग्यांची समांतर जुडी किरणांच्या मार्गात ठेवून, कोणत्या कोनात किती किरण विखुरले, हे शोधक यंत्राने मोजतात.

(१) मोठ्या कोनातील प्रकीर्णन : पॉलिएस्टरच्या आलेखात सुमारे १७.५, २२.६ व २५.५ अंशांवर तीन ठळक शिखरे दिसतात. त्यांवरून सुमारे ०.५१, ०.३९ व ०.३५ नॅनोमीटर ही अंतरे मिळतात. शिखरे टोकदार असतील तर स्फटिक मोठे, पसरट असतील तर लहान. शिखरांखालील पसरट उंचवटा हा अस्फटिकी भागाचा असतो. दोहोंच्या क्षेत्रफळांवरून स्फटिकी भागाचे प्रमाण काढतात.

(२) लहान कोनातील प्रकीर्णन : धाग्याच्या लांबीत स्फटिकी व अस्फटिकी भाग आलटून पालटून येतात. एका स्फटिकापासून पुढच्यापर्यंतचे अंतर साधारणपणे १० ते १५ नॅनोमीटर असते. १२ नॅनोमीटर अंतरासाठी कोन केवळ ०.७ अंशाच्या आसपास येतो. म्हणून येथे अत्यंत बारीक किरणशलाका, शोधकापर्यंत लांब अंतर आणि निर्वात मार्ग लागतो. मोजणीस काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ जातो.

केवळ टक्केवारी का पुरत नाही?

स्फटिकी भाग वाढला की रंग कमी चढेल, असा सरळ निष्कर्ष विद्यार्थी काढतात. प्रत्यक्षात तसे नेहमी घडत नाही. पॉलिएस्टर वाढत्या तापमानाला स्थिर केले, तर सुमारे १६० ते १८० अंशांपर्यंत रंग घेण्याची क्षमता घटत जाते. त्यापुढे ती पुन्हा वाढू लागते. स्फटिकी भागाचे प्रमाण मात्र वाढतच असते. याचे कारण असे की, अधिक तापमानाला लहान स्फटिक नाहीसे होऊन थोडे पण मोठे स्फटिक उरतात, त्यांच्यामधील अस्फटिकी जागा ऐसपैस होतात आणि रंगाला वाट सुकर होते. हा बदल टक्केवारीत दिसत नाही. स्फटिकांचा आकार व लहान कोनातून मिळणारे अंतर यांतून तो कळतो. म्हणून दोन्ही मोजण्या एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

पट्ट्यांची तपासणी

गडद व फिक्या पट्ट्यांतील धागे वेगळे काढून त्यांची तुलना करावी. तथापि १३० अंशांच्या रंगाईनेही रचना काही अंशी बदलते. त्यामुळे त्याच लॉटच्या कोऱ्या कापडाचे नमुने सोबत असणे अगत्याचे आहे. कोऱ्या धाग्यांतच फरक आढळला, तर दोष सूत ओढणे, टेक्स्चरायझिंग किंवा वेगवेगळ्या लॉटची सरमिसळ यांपैकी एखाद्या टप्प्यावर शोधावा लागेल. फरक आढळला नाही, तर रंगाईचे तापमान, वेळ व द्रावणाचे प्रमाण तपासावे लागेल.

येथे दोन खबरदाऱ्या हव्यात. चमक कमी करण्यासाठी धाग्यात टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेले असते. त्याच्या ॲनाटेज प्रकाराचे शिखर २५.३ अंशांवर, म्हणजे पॉलिएस्टरच्या शिखराला खेटून येते. ते न ओळखल्यास स्फटिकी भाग वाजवीपेक्षा जास्त भासतो. दुसरे असे की, मिळणारे उत्तर किरणांत आलेल्या सर्व धाग्यांची सरासरी असते. म्हणून जुडीचे वजन, ताण व समांतरता सारखी ठेवून मोजणी अनेक नमुन्यांवर करावी आणि घनतेच्या मोजणीशी ती पडताळून पाहावी.

वर्गातील प्रयोग

क्ष-किरण उपकरण महाविद्यालयात नसले तरी तत्त्व दाखवता येते. पातळ जॉर्जेटसारख्या कापडातून लेझर पॉइंटरचा किरण तीन मीटरवरील भिंतीवर पाडावा. भिंतीवर ठिपक्यांची जाळी उमटते. लाल किरणाची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर व धाग्यांमधील अंतर ०.२ मिलिमीटर असेल, तर ठिपके जवळजवळ एक सेंटीमीटर अंतरावर पडतात. अधिक दाट विणीचे कापड घेतले की ठिपके दूर जातात. ठिपक्यांवरून विणीचे अंतर काढून ते भिंगाखाली मोजलेल्या अंतराशी विद्यार्थ्यांनी ताडून पाहावे. किरण कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी.

समारोप

क्ष-किरण प्रकीर्णन न्यायनिवाडा करत नाही. ते पुरावा पुरवते. रंगाई खात्यात काम करणाऱ्याला, किंवा उद्या तेथे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला, हा पुरावा काय सांगतो हे समजले, तर कोऱ्या कापडाचा नमुना जपून ठेवण्याचे महत्त्व त्याला पटेल. कारण एकदा सर्व कापड रंगात गेले की दोष आधीचा होता हे दाखवणे फार अवघड होते.