लहान मुलांचं बुद्धिबळ: जिंकत आलेला डाव नियमामुळे कसा जातो?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारसारख्या गावात घरी आणि शाळेत सगळ्यांना हरवणारं आठ वर्षांचं मूल पहिल्या स्पर्धेत हातातला डाव घालवून येऊ शकतं. कारण घरी चाल परत घेता येते. स्पर्धेत मात्र फिडे या जागतिक महासंघाचे नियम चालतात.

मोहऱ्याला हात लागला तर?

आपली पाळी असताना मुद्दाम हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. समोरच्याच्या मोहऱ्याला हात लावला, तर शक्य असल्यास तो मारावा लागतो. मोहरा फक्त नीट ठेवायचा असेल, तर आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणायचं.

समोरच्यानं वजिराला हात लावून घोडा हलवला तर? तक्रार लगेच करायची. आपण एखाद्या मोहऱ्याला हात लावला, की तक्रारीचा हक्क संपतो.

समोरच्यानं चुकीची चाल केली तर?

शह असताना राजा न वाचवता दुसरीच चाल करून घड्याळ दाबलं, तर ती चाल बेकायदा ठरते. पहिल्या वेळी आपल्याला २ मिनिटं जादा मिळतात. दुसऱ्या वेळी समोरचा सहसा डाव हरतो. पण एका पंचाकडे अनेक पट असलेल्या रॅपिड स्पर्धेत चूक कुणी दाखवली नाही आणि आपण पुढची चाल केली, तर ती चुकीची चाल तशीच कायम राहते.

आईबाबा मदत करू शकतात का?

नाही. प्रेक्षकांनी डावात ढवळाढवळ केली, तर पंच त्यांना बाहेर काढू शकतात.

मग मुलानं काय करायचं?

घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि पंचांना बोलवायचं. समोरचा ‘मात!’ म्हणाला, तरी पट स्वतः तपासायचा. मगच निकालावर सही करायची, कारण सही झालेला निकाल सहसा बदलत नाही.

विदर्भातल्याच नागपूरची दिव्या देशमुख अशा वयोगटाच्या स्पर्धांमधूनच पुढे आली. २०१२ मध्ये ती ७ वर्षांखालील राष्ट्रीय विजेती होती, २०१४ मध्ये १० वर्षांखालील जगज्जेती. जुलै २०२५ मध्ये कोनेरू हम्पीला हरवून तिनं महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

त्यामुळे स्पर्धेआधी घरी चार डाव घड्याळ लावून, चाल परत न देता खेळा. आणि मुलाला न घाबरता हात वर करायची सवय लावा.